वायर हलली की गाणारी बाई गायब! हेडफोन घरी दुरुस्त होईल का?

मृण्मयी_इंदिरानगर (शनिवार, सकाळी १०:१२)

नमस्कार मंडळी,

माझा कान झाकणारा मोठा हेडफोन आहे, वायरचा. सात वर्षं झाली त्याला. मी घरून सबटायटलचं काम करते, त्यामुळे दिवसातले पाच-सहा तास तो डोक्यावरच असतो. गेल्या आठवड्यापासून त्याला काहीतरी बाधा झाली आहे. पिनेपाशी वायर जराशी उजवीकडे कलली की आवाज पोकळ होतो. बंद होत नाही हं, दोन्ही कानांत येतो. व्हायोलिनं आहेत, कोरस आहे, घुमणं आहे, पण मुख्य गाणारी बाई गायब! विहिरीच्या तळाशी बसून कुणीतरी गुणगुणतंय असं वाटतं. कामाच्या फाइलमध्ये तर पात्रांचं बोलणं ऐकूच येत नाही, मागच्या रिक्षांचे हॉर्न मात्र खणखणीत.

सगळ्यात विचित्र म्हणजे आईची जुनी भावगीतं लावली तर जवळजवळ सामसूम.

सध्या वायर एका ठरावीक कोनात वाकवून रबरबँडने बांधून काम चालवतेय. एका दुकानात नेला होता. त्याने हातात न घेताच "मॅडम, हे रिपेअर होत नाही, नवीन घ्या" म्हणून सांगितलं आणि लगेच तीन खोके काउंटरवर मांडले.

भावाची डिप्लोमाच्या वेळची सोल्डरिंग गन माळ्यावर आहे. मी आयुष्यात कधी सोल्डर केलेलं नाही. जमेल का?

---

पंचवटीचा_पक्या (१०:२०)

ब्लूटूथ घ्या, विषय संपला.

---

मृण्मयी_इंदिरानगर (१०:३१)

पक्यादादा, माझ्या ब्लूटूथमध्ये ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. पाव सेकंदसुद्धा मागेपुढे झालं तर माझं सबटायटल चुकतं. वायरच हवी.

---

शेवटचा_डबा (१०:४४)

आधी फुकटातलं करून बघा. मी रोज पंचवटी एक्सप्रेसने जा-ये करायचो तेव्हा माझ्या फोनची अशीच तक्रार होती. हेडफोन ठीक होता, फोनच्या भोकात खिशातला लोकरीसारखा कचरा दाबून दाबून बसला होता. त्यामुळे पिन पूर्ण आत जायचीच नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कोरलं तर मुगाच्या डाळीएवढा गोळा निघाला. टाचणी किंवा सुई घालू नका, आतल्या पत्र्या वाकतात.

फोनचं कव्हर जाड असेल तरी हेच होतं. पिनेचं बूड कव्हरला अडतं आणि ती मिलिमीटरभर बाहेर राहते. कव्हर काढून बघा. आणि हाच हेडफोन दुसऱ्या एखाद्या यंत्राला लावून बघा. तिथेही तेच झालं तर दोष हेडफोनचा.

---

मृण्मयी_इंदिरानगर (११:०५)

फोन, लॅपटॉप आणि बाबांचा रेडिओ, तिन्हीकडे तेच. कचरा निघाला, पण थोडासाच. म्हणजे हेडफोनच.

---

तांब्याची_तार (११:३८)

मृण्मयीताई, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की हेडफोन न बघता सांगतो: तुमची कॉमन वायर तुटली आहे.

पिन नीट बघा, तिच्यावर दोन काळे पट्टे असतील. त्यांनी पिनेचे तीन भाग होतात. टोक म्हणजे डावा कान. मधली रिंग म्हणजे उजवा कान. मागचा लांब भाग दोघांचा सामाईक, म्हणजे कॉमन किंवा ग्राउंड. दोन्ही कानांतून जाणारा करंट त्या एका वाटेने परत येतो. ती वाट तुटली की बिचारा करंट डाव्यातून शिरतो आणि उजव्यातून बाहेर पडतो. दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडल्यासारखे होतात. मग तुम्हाला डावं आणि उजवं यांतला फक्त फरक ऐकू येतो. दोन्हीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना कापतं.

गाणारा आवाज रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा बरोबर मध्यभागी ठेवलेला असतो, म्हणजे डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे. म्हणून बाई गायब. सिनेमातले संवादही मध्यभागीच असतात. व्हायोलिनं एका बाजूला सरकवलेली असतात, म्हणून ती राहतात. आईची भावगीतं मोनो आहेत, दोन्हीकडे तंतोतंत एकच, म्हणून सगळंच वजा. शून्य.

डावी वायर तुटली असती तर फक्त डावा कान गेला असता. तुमचा दोष ग्राउंडचा आणि तोही पिनेजवळचा. ही सगळ्यात सोपी केस आहे.

---

पंचवटीचा_पक्या (११:४५)

आयला, म्हणजे फुकटात कराओके!

---

सिडको_सुशांत (१२:१०)

माझ्या मोबाइलवाल्या इअरफोनला अगदी हेच होतं, पण वायर हलवल्याने नाही. कायमच. आणि गंमत म्हणजे माइकचं बटण दाबून धरलं की गाणं बरोबर वाजतं! सोडलं की परत विहिरीत.

---

तांब्याची_तार (१२:२२)

@सुशांत, तुझी पिन चार भागांची आहे, तीन काळे पट्टे. माइक असलेल्या पिनांचे दोन प्रकार आहेत. आताच्या फोनमध्ये तिसरा भाग ग्राउंड आणि चौथा माइक. काही जुन्या फोनमध्ये नेमकं उलटं होतं. तुझा इअरफोन जुन्या पद्धतीचा असणार. बटण दाबलं की माइक आणि ग्राउंड आत जोडले जातात, म्हणून तेवढ्यापुरती वाट मिळते. वायर तुटलेली नाही, उगाच कापू नकोस. अदलाबदल करणारा छोटा अडॅप्टर मिळतो.

---

सिडको_सुशांत (१२:२५)

दोन वर्षं बटणाला चिमटा लावून गाणी ऐकतोय मी. 🙏

---

नानू_नाशिकरोड (१२:५०)

एवढं कशाला? पिनेपाशी वायर दाबून फेविक्विकचे दोन थेंब. वरून एम-सील. माझा चार महिने चालला.

---

निवृत्त_ओझरकर (दुपारी १:४०)

नानू, पाचव्या महिन्यात काय झालं ते लिहायचं राहिलं.

मृण्मयी, मी ओझरला एचएएलमध्ये वायरिंगला होतो. कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठी उभा राहिलेला. मी लागलो १९८३ साली. विमानातली वायर आणि तुझ्या हेडफोनची वायर एकाच जागी तुटते: जिथे मऊ भाग संपून कडक भाग सुरू होतो तिथे. रोज तिथेच वाकते, तांबं तिथेच ताठरतं आणि एकेक तंतू तुटत जातो. फेविक्विक काय करतं, तर वायरीत झिरपून तिला आणखी कडक करतं. तुटायची जागा फक्त अर्धा इंच वर सरकते.

आता मुद्द्याचं. आधी तपास, मग कात्री. गाणं चालू ठेव, पिनेपासून सुरुवात कर आणि वायर दोन बोटांत धरून सेंटिमीटर-सेंटिमीटरने हलवत वर जा. जिथे आवाज चकवा देतो तिथे मार्करने खूण कर. पिनेपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर पिन बदलायची. कानाच्या कपापाशी असेल तर कप उघडायचा, ते वेगळं काम. मधेच कुठेतरी असेल तर कुत्र्याने किंवा खुर्चीच्या चाकाने केलेलं आहे.

पिन मुळातच वायरीवर ओतलेली असते, ती उघडत नाही. खुणेच्या वर दीड-दोन सेंटिमीटर सोडून सरळ कापायची आणि स्क्रूचं टोपण असलेली नवी पिन लावायची. टोपण धातूचं घे. वायरीची जाडी आत मावते का ते दुकानातच बघ.

---

मृण्मयी_इंदिरानगर (२:१५)

काका, खूप आभार. पिनेपासून बोटभर अंतरावरच आहे. कापायला हात धजावत नाहीये, पण संध्याकाळी एम. जी. रोडला जातेय. काय काय आणू?

---

निवृत्त_ओझरकर (२:३०)

साडेतीन मिमीची तीन भागांची पिन, दोन आण. एक बिघडवायला. बारीक सोल्डर वायर, राळ आत भरलेली. राळेची छोटी डबी. श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आक्रसून घट्ट बसणारी नळी, दोन मापांत. घरात मल्टिमीटर (ओहम मोजणारा, वाट जुळली की बीप देणारा मीटर) नसेल तर सगळ्यात स्वस्त मिळेल तो घे, पुढे तीस वर्षं कामाला येतो. गन पंचवीस वॅटची असली तर ठीक. पन्नास-साठची असेल तर पिनेतलं प्लॅस्टिक वितळवून टाकशील.

---

वैशाली_जुनं_नाशिक (३:०५)

राळेऐवजी नवसागर चालेल का? आमच्या तांबट आळीत कल्हईवाले नवसागरच टाकायचे, त्याने कथील कसं झर्रकन पसरायचं. लहानपणी तो पांढरा धूर बघायला आम्ही मुद्दाम उभे राहायचो.

---

निवृत्त_ओझरकर (३:२०)

वैशालीताई, मन प्रसन्न केलंत. नवसागर मात्र इथे नको. पातेलं कल्हईनंतर धुतात, वायरीचा सांधा कोण धुणार? तो मागे राहून तांबं खातो आणि सहा महिन्यांत हिरवं बुरशीसारखं दिसायला लागतं. राळच.

पण कल्हईचं उदाहरण सोन्यासारखं आहे. मृण्मयी, हे वाच. आपली सोल्डर वायर बहुधा साठ-चाळीसची असते: साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं. १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. जोडण्याआधी वायरीच्या टोकाला आणि पिनेच्या पायालाही (टोपणाखालची, तार जोडायची पत्री) वेगवेगळी कल्हई करून घ्यायची. मग दोन्ही नुसते टेकवून गन लावली की क्षणात एकजीव होतात. ही कल्हई न करता थेट जोडायला गेलीस तर सोल्डरचा मणी होऊन घरंगळेल.

शिसं आहे, तेव्हा खिडकी उघडी ठेव, धुरावर वाकू नकोस आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप धरू नकोस.

---

तांब्याची_तार (३:४१)

काकांच्या म्हणण्यात एक भर, कारण नव्या माणसाचं घोडं इथेच अडतं. हेडफोनच्या आतल्या तारा उघड्या तांब्याच्या नसतात. लाल, हिरव्या किंवा निळ्या, सोनेरी अशा रंगाच्या दिसतात तो रंग म्हणजे लाखेसारखा पातळ लेप. त्यावर सोल्डर बसतच नाही. शिवाय मधे नायलॉनचे धागे गुंफलेले असतात. लायटरची ज्योत एका सेकंदासाठी टोकाला दाखवा, लेप आणि धागे जळतात. काजळी कापडाने पुसा. मग राळ लावून गन टेकवा. तार एकदम चंदेरी झाली की समजायचं, कल्हई बसली. काळी राहिली तर परत.

लाल बहुतेक उजवी, हिरवी किंवा निळी डावी, सोनेरी ग्राउंड. दोन सोनेरी निघाल्या तर घाबरू नका, दोन्ही कानांचे ग्राउंड वेगळे आलेत, एकत्र पिळा. पण रंगावर आंधळा विश्वास ठेवू नका, मीटर लावा. सोनेरी आणि लाल यांच्यामध्ये तीसेक ओहम दाखवेल आणि त्या कानात बारीक खर्र ऐकू येईल. तीच वायर त्या कानाची.

---

शेवटचा_डबा (४:०२)

मीटर नसेल तर पेन्सिल सेलने पण कळतं. दीड व्होल्टचा सेल, दोन तारा क्षणभर टेकवायच्या, कानात टक्क वाजतं. टेकवून ठेवायच्या नाहीत. कानात घालायच्या छोट्या इअरफोनवर मात्र हा प्रयोग नको.

---

मृण्मयी_इंदिरानगर (शनिवार, रात्री ११:२०)

केलं. आणि फसलं.

प्रधान पार्कात सामान मिळालं. दोन पिना, ट्यूब, राळ, सोल्डर आणि मीटर. दुकानातल्या मुलाने आपणहून विचारलं "ताई, वायरची जाडी किती?" तेव्हाच मला बरं वाटलं.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर जुनी लाकडी पाटी ठेवली आणि वायर कापली. कापताना आई देवघरात जाऊन बसली. वरचं काळं आवरण सोलताना पहिल्यांदा आतली हिरवी तारच कापली, परत एक सेंटिमीटर गेला. मग जमलं. तीन रंग निघाले, सोनेरी दोन. तांब्याची_तार दादांनी सांगितलं तसं लायटर, पुसणं, राळ. पहिल्या तीन वेळा काळं. चौथ्या वेळी सोल्डर त्या तारेवरून अशी वर चढली की मी ओरडलेच. केसाएवढी तांबूस तार आणि तिच्यावर चांदीचा पातळ पाणेरी थर. पाच मिनिटं नुसती बघत बसले.

पिनेचे पाय मीटरने ओळखले. टोकाला एक काडी, पायांना दुसरी, जिथे बीप तो त्याचा पाय. मधला छोटा पाय टोकाचा निघाला, बाजूचा रिंगचा, लांब पाय ग्राउंडचा. तीन सांधे केले, दिसायला गोड दिसत होते.

आणि मग लक्षात आलं की टोपण टेबलावरच आहे.

---

निवृत्त_ओझरकर (११:३४)

हाहाहा! या क्षणाची दुपारपासून वाट बघत होतो. टोपण आणि श्रिंक ट्यूब आधी वायरीत ओवायची. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी किती वेळा विसरलो ते सांगणार नाही.

---

मृण्मयी_इंदिरानगर (११:४१)

काका, मुद्दाम नाही सांगितलंत?!

सगळं उपसलं. टोपण ओवलं, ट्यूब ओवली, परत सोल्डर केलं. आता उजवा कान ठार मुका. डावा व्यवस्थित, बाई परत आली आहे, पण एकाच कानात.

---

तांब्याची_तार (११:५०)

मीटर रिंग आणि मागच्या भागाला लावा. किती?

---

मृण्मयी_इंदिरानगर (११:५४)

०.४. डाव्याला ३१ दाखवतंय.

---

तांब्याची_तार (११:५७)

शॉर्ट आहे. लाल तारेचा एखादा तंतू ग्राउंडच्या पायाला चिकटलाय, नाहीतर दुसऱ्यांदा तापवल्यामुळे पिनेतलं प्लॅस्टिक वितळून पाय एकमेकांना टेकलेत. भिंग घेऊन बघा. पाय हलत असतील तर ती पिन गेली, दुसरी घ्या.

---

निवृत्त_ओझरकर (रविवार, सकाळी ६:१५)

रात्री झोपलो होतो. दुसरी पिन घेताना एक युक्ती कर. ती आधी एखाद्या जुन्या, निकामी फिमेल सॉकेटमध्ये (पिन जिच्यात बसते त्या खोबणीत) खोचून ठेव. तापल्यावर प्लॅस्टिक मऊ झालं तरी भाग जागचे हलत नाहीत. सॉकेट नसेल तर कच्च्या बटाट्यात खोच. बटाटा उष्णता ओढून घेतो आणि पिन उभीही राहते. वायर धरायला कपड्याचा लाकडी चिमटा. एका पायावर गन दोन-तीन सेकंदांच्या वर ठेवायची नाही. नाही जमलं तर थांब, गार होऊ दे, परत.

आणि सोल्डर कमी वापर. जास्त झाली की ती तारेतून वर झिरपते आणि तेवढी तार काडीसारखी कडक होते. मग ती काडी संपते तिथेच परत तुटणार. सांध्यावर तारेचा आकार दिसला पाहिजे, गोटी दिसता कामा नये.

लांब पायाच्या टोकाला दोन पाकळ्या असतात. त्या वायरीच्या बाहेरच्या काळ्या आवरणावर पक्कडीने अलगद मिटव. ओढाताण त्या पाकळ्यांनी सोसायची, सांध्याने नाही. पण आवळू नकोस, आवरण कापून आतच शॉर्ट होतो.

---

पंचवटीचा_पक्या (९:१०)

काका, बटाटा नंतर भाजीत टाकायचा का?

---

निवृत्त_ओझरकर (९:१२)

शिशाचा? तुझ्यासाठी राखून ठेवतो.

---

वैशाली_जुनं_नाशिक (९:४०)

अवांतर: या पिनेचा मोठा भाऊ, सव्वासहा मिमीच्या आसपासचा, अजून गिटारला आणि स्टेजवरच्या ॲम्प्लिफायरला लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर जोडायच्या ना, त्याच घराण्यातली.

---

तांब्याची_तार (९:५५)

६.३५ मिमी, ताई. बाकी शंभर टक्के.

---

मृण्मयी_इंदिरानगर (रविवार, दुपारी ४:०५)

झालं!!!

भिंगातून बघितलं तर लालचा एकच तंतू, खरंच डोळ्याच्या पापणीएवढा, ग्राउंडवर आडवा पडला होता. तो काढला तर उजवा कान आला, पण पिनेचे पायही डुलत होते. म्हणून जड मनाने परत सगळं सोडवलं आणि दुसरी पिन बटाट्यात खोचली. टोपण ओवलं. ट्यूब ओवली. ओवल्याचा फोटो काढून भावाला पाठवला, साक्षीदार म्हणून. हिरवी मधल्या पायाला, लाल बाजूच्या, दोन्ही सोनेरी एकत्र पिळून लांब पायाला. प्रत्येक सांध्याला मनात "एक, दोन" मोजलं. लाल आणि हिरवीच्या सांध्यांवर बारीक ट्यूब सरकवून लायटरने आक्रसवली. पाकळ्या मिटल्या. टोपण फिरवायच्या आधी मीटर: ३१ आणि ३२. टोपण फिरवल्यावर परत मीटर, कारण आता माझा कशावरच विश्वास नाही. ३१ आणि ३२.

पिनेच्या मागे वायर परत तिथेच मोडू नये म्हणून बॉलपेनची स्प्रिंग थोडी ताणून वायरीवर चढवली आणि वरून मोठी ट्यूब. दिसायला अगदीच गावठी दिसतंय, पण वायर आता कमानीत वाकते, कोनात नाही.

पहिलं गाणं आईच्या कानाला लावलं. मोनो. ती म्हणाली, "आवाज जरा मोठाच आहे, कमी कर."

हेडफोन वीस मिनिटं परत मिळाला नाही.

---

निवृत्त_ओझरकर (४:३०)

शाब्बास. सांध्याचा फोटो?

---

मृण्मयी_इंदिरानगर (४:३३)

टोपण लावून टाकलं, काका. उघडणार नाही. 😅

---

नानू_नाशिकरोड (५:१५)

बरं, कबूल करतो. पाचव्या महिन्यात तुटला. तोही बरोबर अर्धा इंच वर. काका, आणि आता डाव्या कानाच्या कपापाशीही खरखर आहे. तिथे स्क्रूच दिसत नाहीत. कप फोडायचा का?

---

निवृत्त_ओझरकर (५:२८)

फोडू नकोस! स्क्रू बहुतेक वेळा कानाच्या गादीखाली असतात. गादी कडेने बोटांनी ओढून काढ, पाना लावू नकोस. आत वायरीला गाठ मारलेली दिसेल, ती सोडू नकोस, ओढ तीच सोसते. स्पीकरला जाणाऱ्या बारीक तारांना तर हातही लावू नकोस.

उघड, फोटो टाक, आणि फेविक्विक माळ्यावर ठेवून ये.